चेन तुटते कुठे? : ट्रायल्स आणि बीएमएक्स सायकलसाठी साखळीची निवड

आजचा विषय ऐकायला अगदी छोटा आहे. सायकलची चेन. आता कोणी म्हणेल, चेनवर काय व्याख्यान द्यायचं? दुकानात जायचं, एक मागायची, बसवायची. रोजच्या सायकलला ते चालतं. ऑफिसला जाताना चेन तुटली तर आपण फार तर उशिरा पोचतो, हात काळे होतात. पण ट्रायल्स करणारा मुलगा दोन दगडांच्या मधली फट ओलांडायला पुढच्या पायडलवर सगळं वजन टाकतो आणि नेमक्या त्याच क्षणी चेन तुटते, तेव्हा पायाखालचा आधारच नाहीसा होतो. शरीर पुढे जातं, गुडघा हँडलवर, हनुवटी स्टेमवर. दात जातात, मनगट मोडतं. म्हणून हा विषय.

दोन्ही खेळांची ओळख थोडक्यात करून घेऊ. ट्रायल्स म्हणजे पाय जमिनीला न टेकवता दगड, ओंडके, भिंती यांवरून सायकल उड्या मारत नेणं. हा खेळ स्पेनमधल्या कॅटलोनियात मोटरसायकल ट्रायल्समधून आला. डॅनी मॅकॅस्किलचा एडिंबरामधला २००९ सालचा व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल, तो याच घराण्यातला. बीएमएक्स त्यापेक्षा जास्त ओळखीचं. त्याची शर्यत २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकपासून आहे आणि कसरतींचा प्रकार टोकियोपासून. दोन्हींत एकच गिअर, एकच चेन, आणि सगळा भरवसा तिच्यावर.

चेन म्हणजे नेमकं काय

आज आपण वापरतो ती रचना हान्स रेनॉल्ड या स्विस वंशाच्या अभियंत्याने मँचेस्टरमध्ये १८८० साली पेटंट केली. बाहेरच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन पट्ट्या, त्यांतून जाणारी पिन, पिनवर बुश आणि बुशवर फिरणारा रोलर. एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंतचं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. आपल्या साध्या काळ्या सायकलचंही हेच, बीएमएक्सचंही हेच.

दुसरं माप रुंदीचं. आतल्या पट्ट्यांमधली जागा एक अष्टमांश इंच (सुमारे ३.२ मिमी) किंवा तीन बत्तीसांश इंच (सुमारे २.४ मिमी) असते. रुंद चेन अरुंद दात्यांवर चालते, उलटं चालत नाही. इथे एक गैरसमज मोठा आहे. रुंद चेन म्हणजे मजबूत चेन, असं सर्रास सांगितलं जातं. पण ही रुंदी मधल्या मोकळ्या जागेची आहे. मोकळ्या जागेत ताकद कुठून येणार? ताकद येते पट्ट्यांच्या जाडीतून, पोलादातून, त्यावर केलेल्या उष्णता-प्रक्रियेतून, आणि पिनचं डोकं किती नीट ठोकून पसरवलंय त्यातून. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे मिळणारी साधी चेनसुद्धा बहुधा १/२ × १/८ याच मापाची असते. ती बीएमएक्सवर बसेल, फिरेलही. पण ती बनवलीय दुधाचे कॅन वाहणाऱ्या सायकलच्या संथ, सरळ ओढीसाठी. माप जुळलं म्हणजे काम जुळलं असं नाही.

चेनवर किती ओढ येते?

आता थोडा हिशोब करू. घाबरू नका, तरफेचाच आहे.

समजा सायकलवाला ७० किलोचा आहे, क्रँक १७० मिलिमीटरचा आहे, आणि त्याने सगळं वजन पुढच्या आडव्या पायडलवर टाकलंय. चेनवरची ओढ काढायला क्रँकच्या लांबीला पुढच्या चक्राच्या त्रिज्येने भागायचं आणि वजनाने गुणायचं. ४४ दात्यांच्या चक्राची त्रिज्या सुमारे ८९ मिलिमीटर येते. म्हणजे चेनवर ओढ साधारण १३४ किलोची. २५ दात्यांच्या चक्राची त्रिज्या जेमतेम ५१ मिलिमीटर. ओढ झाली २३५ किलो. आणि ट्रायल्सच्या सायकलला पुढे बहुधा १८ दात्यांचं फ्रीव्हील असतं, त्याची त्रिज्या साडेछत्तीस मिलिमीटर. तिथे ओढ ३२५ किलोवर जाते.

बघा, माणूस तोच, पाय तोच, क्रँक तोच. फक्त पुढचं चक्र लहान झालं आणि चेनवरचा ताण अडीच पटीच्या आसपास गेला.

आणि हे झालं नुसतं उभं राहण्याचं. उडी मारताना माणूस हँडल वर खेचतो आणि पायडल खाली दाबतो, तेव्हा पायडलवरचा जोर वजनाच्या दुप्पट झाला तरी ट्रायल्समध्ये ओढ साडेसहाशे किलोवर पोचते. सायकलच्या चेनसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात किमान ताकद सुमारे ८००० न्यूटन, म्हणजे आपल्या भाषेत आठशे किलोच्या थोडी वर धरलेली आहे. साध्या सायकलला हे रग्गड झालं. ट्रायल्सला मात्र यात हातात उरतं फार थोडं. म्हणून पाकिटावर हजार किलोच्या वरचा आकडा असेल, तर तो आकडा इथे खरोखर उपयोगाचा आहे.

बीएमएक्समध्ये पूर्वी ४४ आणि १६ दात्यांची जोडी असायची, आता २५ आणि ९ ची असते. गुणोत्तर जवळजवळ तेच. लहान चक्र कठड्यावर आपटत नाही, वजनही वाचतं. पण त्याची किंमत चेन मोजते. ओढ वाढते हे आपण पाहिलं. शिवाय १६ दात्यांवरून जाताना प्रत्येक कडी साडेबावीस अंशांत वळते, ९ दात्यांवर ४० अंशांत. जास्त वळणं म्हणजे पिन आणि बुश यांचं जास्त घासणं.

मग तुटते कुठे?

आमच्या पाहण्यात आलेल्या तुटलेल्या चेनांमध्ये पट्टी मधोमध फाटल्याचं उदाहरण विरळाच. तुटते ती तीन ठिकाणी.

पहिलं ठिकाण जोडाचं. चेन कापून पुन्हा जोडली ती कडी. पिन नीट बसली नसेल, एका बाजूला अर्धा मिलिमीटर आत राहिली असेल, तर बाहेरची पट्टी हळूहळू सरकते आणि एके दिवशी निसटते.

दुसरं ठिकाण पिनच्या भोकाभोवतीचं. तार वाकवून वाकवून तोडतो आपण, तसंच इथे होतं. प्रत्येक उडीला ओढ येते आणि जाते, भोकाच्या कडेला केसासारखी बारीक चीर पडते, ती वाढत जाते. मग एखाद्या साध्याच उडीला चेन तुटते आणि लोक म्हणतात, अहो, काही केलंच नव्हतं!

तिसरं कारण आडवा मार. कठड्यावर किंवा दगडावर चेन आपटली, पट्टी वाकली, किंवा मागचं चाक तिरकं बसल्यामुळे चेन सरळ रेषेत धावत नसली, की सगळी ओढ एका बाजूच्या पट्टीवर येते.

निवडताना काय बघायचं

भरीव पिन घ्या. पोकळ पिन आणि खिडक्या पाडलेल्या पट्ट्या यांनी काही ग्रॅम वाचतात. शर्यतीच्या ट्रॅकवर त्याला अर्थ आहे. दगडांवर आणि कठड्यांवर नाही. खिशात किल्ल्यांचा जुडगा ठेवून आपण त्याहून जास्त वजन वाहतो.

पट्ट्या जाड आणि कडेने गुळगुळीत असाव्यात. पिनची डोकी सगळीकडे सारखी पसरलेली दिसली पाहिजेत. चेन हातात धरून आडवी करा: नवी चेन थोडीशीच वाकते. साध्या चेनसारखी लोंबली तर सोडून द्या.

आता हाफ-लिंकबद्दल. साध्या चेनमध्ये आतली आणि बाहेरची कडी आलटून पालटून येते, त्यामुळे लांबी एकेका इंचानेच कमीजास्त करता येते. हाफ-लिंकच्या कडीचं एक टोक अरुंद, एक रुंद. तिने अर्ध्या इंचाची सोय होते आणि मागचं चाक हवं तिथे बसवता येतं. पण तिची पट्टी मधे वाकवलेली असते. ओढ आली की ती वाकलेली पट्टी सरळ व्हायला बघते, म्हणून पूर्ण हाफ-लिंक चेन सुरुवातीला लवकर सैल पडते. बीएमएक्सवर ती आवडीने वापरतात, वापरा, पण पहिले काही आठवडे ताण तपासत राहा. ट्रायल्सला आम्ही साधी, पूर्ण कड्यांची चेनच सुचवतो.

जोडणी हा शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. मेकॅनिक ज्याला चेन-लॉक म्हणतात, ती माशाच्या आकाराची क्लिप असलेली कडी, या खेळांत टाळा. दगडाला घासली की क्लिप उडते. चेन-टूलने पिन दाबून जोडा, आणि कंपनीने सोबत नवी जोडपिन दिली असेल तर काढलेली जुनी पिन परत वापरू नका. जोडल्यावर पिन दोन्ही बाजूंना सारखी बाहेर आहे ना, हे नखाने चाचपून बघा.

चेन कधी बदलायची

आपण म्हणतो चेन ताणली. खरं तर पोलाद ताणलेलं नसतं. पिन आणि बुश झिजून प्रत्येक सांध्यात किंचित ढिलाई येते. २४ कड्या मोजा. नव्या चेनमध्ये पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत बरोबर १२ इंच भरतात. १२ इंच आणि वर एक सोळांश झालं, म्हणजे अर्धा टक्का, की ट्रायल्सवाल्यांनी नवी आणावी. एक अष्टमांश झालं तर ती कोणाच्याच सायकलवर नको. दातेही खाऊन टाकेल.

पावसाळ्यात चालवली तर पुसून, प्रत्येक रोलरवर थेंबभर तेल सोडून, वरचं तेल पुन्हा कोरडं पुसून घ्या. वर राहिलेल्या तेलाला धूळ चिकटते आणि तीच कानशीसारखी काम करते. महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात एकेक कडी बघा. चीर, वाकलेली पट्टी, अडकणारा सांधा, सरकलेली पिन, यांतलं एक जरी दिसलं तरी तेवढी कडी बदलून भागवू नका. ज्या मारात एक कडी गेली तो मार शेजारच्यांनीही खाल्लेला असतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : नाव सांगा ना एखादं. दुकानात काय मागायचं?*

तैवानच्या केएमसीची के-७१० ही बीएमएक्स आणि ट्रायल्सवाल्यांमध्ये बरीच वर्षं चालत आलेली चेन आहे, तिथून सुरुवात करायला हरकत नाही. पण नावापेक्षा आज सांगितलेल्या खुणा बघायला शिका.

*प्रश्न : चेन किती घट्ट ठेवायची?*

खालच्या-वरच्या मधोमध बोटाने दाबली तर सेंटीमीटरभर हलली पाहिजे. क्रँक पूर्ण फिरवून बघा, कारण चक्र अगदी गोल नसतं, एका जागी चेन घट्ट होते. त्या घट्ट जागेवर ताण ठरवायचा. तारेसारखी ताणून ठेवलेली चेन जास्त सुरक्षित नसते; ती बेअरिंग आणि स्वतःलाही खाते.

*प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, पस्तीस किलोचा. त्यालाही हे सगळं लागेल?*

ओढ निम्मी येईल, म्हणून चेन जास्त टिकेल, एवढंच. जोड चुकीचा असेल तर तो पस्तीस किलोलाही सुटतो. तेव्हा ताई, चेन मध्यम घेतलीत तरी चालेल. पण पहिल्यांदा जोडणी कोणाकडून तरी समोर उभं राहून करून घ्या, आणि मुलाला ती स्वतः तपासायला शिकवा.