टिटवी, अंडी आणि कॅमेरा

तामलवाडीसारख्या गावांच्या माळावर फाल्गुन-चैत्रात टिटवीची वीण सुरू होते. जमिनीवरच्या उथळ खळग्यात, खड्यांमध्ये, ती बहुधा चार ठिपकेदार अंडी घालते. भर दुपारीही ती अंडी सोडत नाही. कशासाठी? ऊब देण्यासाठी? नव्हे, सावली देण्यासाठी!

पक्ष्यांच्या अंड्यातील गर्भ साधारण ३७-३८ अंश सेल्सियसला चांगला वाढतो. उन्हात जमीन ५० अंशांपलीकडे तापू शकते. म्हणून टिटवी अंड्यांवर सावली धरते. पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून अंडी ओली करते.

छायाचित्रासाठी आपण जवळ गेलो, की ती ओरडत उडते. अंडी उघडी पडतात; उन्हात फार वेळ राहिली तर गर्भ मरतो. नान्नजच्या अभयारण्यामुळे (१९७९) परिचित झालेला माळढोकही जमिनीवरच, बहुधा एकच अंडे घालतो. ते गेले की सगळेच गेले.

म्हणून आम्ही सुचवतो : घरट्याचे छायाचित्र घेऊच नये. सकाळी, दुरून, टेलिफोटो भिंगाने चरणारे पक्षी टिपावेत.

करून पाहा : दुपारी उन्हातल्या आणि झाडाखालच्या मातीचे तापमान प्रयोगशाळेतील तापमापकाने मोजा (ज्वरमापक वापरू नका). जो फरक येईल, त्यावरून टिटवीची सावली काय काम करते याची कल्पना येईल.