मोहन पार्कवरील अपुरे ठराव

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या मोहन पार्कवर अखिल भारतीय दलित वर्गाचे अधिवेशन भरले. त्यासोबतच २० जुलै रोजी स्त्रियांची स्वतंत्र परिषद झाली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गदर्शनास उपस्थित होते आणि समोर हजारो स्त्रिया बसल्या होत्या. या परिषदेचे स्मरण अजूनही केले जाते. तिचे ठराव मात्र क्वचितच वाचले जातात.

वस्तुतः ते ठराव विलक्षण आहेत. पत्नीस घटस्फोटाचा अधिकार असावा व बहुपत्नीकत्वास कायद्याने आळा बसावा, अशी मागणी एकीकडे आहे. दुसरीकडे गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका व रेल्वे येथे राबणाऱ्या स्त्रियांस वर्षाकाठी २१ दिवसांची किरकोळ रजा, इजा झाल्यास भरपाई आणि २० वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन मिळावे, तसेच गिरणीत स्त्रियांवर देखरेखीस स्त्रीच नेमावी, असे म्हटले आहे. संसार आणि मजुरी यांचा विचार येथे एकत्र झाला आहे, आणि ते सयुक्तिकच होते. नवऱ्यापासून विभक्त होण्याचा हक्क जिच्या हाती स्वतःची मिळकत आहे तिलाच बजावता येतो. आणि ही मिळकत मुकादमाच्या मर्जीवर असेल, तर तो हक्क कागदावरच राहतो.

या स्त्रियांना स्वतंत्र व्यासपीठाची निकड का भासली, हे जाईबाई चौधरींच्या अनुभवावरून उमगते. रेल्वे स्थानकावर हमाली केलेल्या या बाईंनी शिक्षण घेतले आणि १९२२ साली नागपुरात मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली. अशा शिक्षिकेस १९३७ साली याच शहरात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेत भोजनाच्या वेळी निराळे बसविण्यात आले. स्त्रीजातीचे ऐक्य पंगतीपाशी येऊन संपले. तथापि मोहन पार्कवरील स्त्रियांनी केवळ सवर्णांनाच जाब विचारला नाही. घटस्फोटाचा ठराव त्यांच्या स्वतःच्या घरातील पुरुषांनाही उद्देशून होता.

पुढे काय झाले? संसारविषयक मागण्यांना १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मान्यता दिली. हा कायदा बौद्धांनाही लागू असल्याने १९५६ च्या धर्मांतरानंतरही त्याचे संरक्षण टिकले. मजुरीविषयक मागण्यांची कथा निराळी आहे. कारखाने कायदा आणि कामगार राज्य विमा कायदा १९४८ सालीच आले. पण त्यांचा लाभ जिचे नाव हजेरीपटावर होते तिला. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलचा भोंगा आता वाजत नाही. गिरणी गेली आणि तिच्याबरोबर हजेरीपटही गेला. आज वस्त्यांतील अनेक स्त्रिया धुणीभांडी करतात, बांधकामावर जातात, कंत्राटदाराच्या हाताखाली झाडलोट करतात. ज्या कामांना समाज हीन मानतो ती अजूनही बहुधा त्याच जातींच्या वाट्यास येतात, आणि त्याच कामांत मालकाचा ठावठिकाणा सर्वांत पुसट असतो.

१९६१ चा प्रसूतिलाभ कायदा दुकाने व आस्थापनांच्या बाबतीत दहा किंवा अधिक माणसे कामास असतील तेथेच लागू होत असे. चार घरची कामे करणारी बाई त्याच्या कक्षेत आलीच नाही. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, हे स्वागतार्हच होते. परंतु कल्याणनिधीतून मिळणारे साहाय्य आणि मालकावर बंधनकारक असलेली भरपगारी रजा यांत मूलभूत भेद आहे. पहिल्यासाठी अर्ज करावा लागतो, दुसरी हक्काने घेता येते.

म्हणून मोहन पार्कच्या ठरावांचा उरलेला अर्धा भाग आता पुन्हा हाती घेणे अगत्याचे आहे. नगरपालिका व महानगरपालिकांनी साफसफाईचे कंत्राट देताना रजा, भरपाई व भविष्यनिर्वाह निधी या अटी करारातच घालून त्यांची तपासणी करावी. घरकामाची नोंद बाईच्या नावाबरोबरच तिला कामास ठेवणाऱ्या घराच्या नावेही व्हावी. यात सुशिक्षित मध्यमवर्गास थोडी झळ बसेल, हे खरे. मात्र १९४२ साली ज्यांच्याकडून रजा मागितली गेली ते गिरणीमालक होते. आज ती द्यावयाची आहे पगारदार कुटुंबांनी, आणि हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांची घरे त्यांत मोडतात.