संकेतस्थळाची जुळवणी

आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, खिडकीलगतच्या कपाटात, या वार्षिकाचे जुने अंक बांधून ठेवलेले आहेत. त्यांतील १९७४-७५ च्या अंकाची निम्मी पाने माझ्या आबांनी, म्हणजे आजोबांनी, जुळवलेली आहेत. त्यांचे नाव अंकात कोठेही नाही. मुद्रणालयाचे तेवढे आहे. आबा सातवी पास. पंचवीसेक वर्षे ते गावातल्या छापखान्यात खिळे जुळवीत होते. अंकाची प्रुफे घेऊन ते फाटकापर्यंत येत, शिपायाच्या हाती देत आणि तेथूनच परत फिरत. आत येऊन बाकावर बसणारा आमच्या घरातला पहिला मी.

‘संगणकावर तू जे काही करतोस ते एकदा नीट समजावून लिही’ असे संपादक सरांनी सांगितले म्हणून हा खटाटोप. मी संकेतस्थळे तयार करून देतो. आमच्या पेठेत वेबसाइटला संकेतस्थळ म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. पण मराठीच्या सरांच्या धाकाने या लेखापुरता तो शब्द मी चालवणार आहे. मी कोणाचा नोकर नाही, सुटी कामे घेतो, इंग्रजीत याला फ्रीलान्सर म्हणतात, हे वडिलांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हंजे उक्तं घेतोस, असं म्हण की.” वडील गवंडी आहेत. त्यांचा शब्द अधिक नेमका आहे.

संकेतस्थळाला तीन गोष्टी लागतात. एक नाव, ज्याला डोमेन म्हणतात. ते विकत मिळत नाही, वर्षाच्या भाड्याने मिळते. दुसरी जागा, म्हणजे होस्टिंग. कोठेतरी अहोरात्र चालू असलेल्या संगणकावर आपली पाने ठेवण्यापुरती. आणि तिसरी म्हणजे ती पाने. ही पाने दोन भाषांत लिहावी लागतात. एचटीएमएल या भाषेत मजकुराचा कोणता भाग मथळा, कोणता परिच्छेद, कोठे चित्र, एवढेच सांगायचे. मथळा केवढ्या अक्षरात, समास किती, ओळीत अंतर किती, हे सीएसएस या दुसऱ्या भाषेत. पहिली भाषा टिम बर्नर्स-ली यांची. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये त्यांनी या साऱ्या जाळ्याची कल्पना मांडली, आणि १९९३ मध्ये संस्थेने ती कोणाकडूनही दाम न घेता जगाला मोकळी करून दिली. तसे झाले नसते तर माझ्यासारख्याला हा धंदा सुरू करणे परवडले नसते. दुसरी भाषा १९९४ मध्ये हाकोन व्हिउम ली यांनी सुचवली. आबांना हा भेद सांगायला मला दोन मिनिटे लागली नाहीत. लेखकाचे हस्तलिखित वेगळे आणि त्यावर ‘मथळा जाड, दोन्ही बाजूंनी जागा सोडा’ अशा खुणा करणारा वेगळा, हे त्यांना माझ्याआधीपासून माहीत होते.

माझे पहिले काम एका गुऱ्हाळाचे. मालक आमच्या लांबच्या नात्यातले. चार हजार रुपये ठरले. गूळ कसा होतो याची छायाचित्रे मी दिवसभर उभा राहून काढली: चरक, काहील, उकळी, रानभेंडीच्या काड्या भिजवून काढलेला चिकट रस, तो घातल्यावर वर येणारी मळी, शेवटी साच्यातली ढेप. फोनवर काढलेले एकेक चित्र चार-पाच एमबीचे असते. ते तसेच चढवले तर वाडीवस्तीवरच्या माणसाच्या फोनवर पान उघडेपर्यंत गूळ विकून संपेल. म्हणून प्रत्येक चित्र दीडशे केबीच्या आत आणावे लागते. कामाचा हा भाग कोणाला दिसत नाही आणि त्याला वेळ मात्र सर्वांत जास्त लागतो.

अडचण वेगळ्याच ठिकाणी आली. मालकांना पहिल्या पानावर ‘संपूर्ण रसायनमुक्त’ असे हवे होते. काहिलीशेजारी पांढऱ्या भुकटीचा डबा मी पाहिला होता. त्याने गुळाला पिवळा रंग येतो, आणि बाजारात पिवळ्या गुळाला भाव चांगला मिळतो. मी भीतभीतच विचारले. ते म्हणाले, “आरं, समदीच लिवत्यात.” ते वयाने मोठे, नात्याचे, शिवाय पैसे देणारे. दोन दिवस मी काहीच लिहिले नाही. मग बोलता बोलता कळले, की घरच्यासाठी आणि चार जुन्या गिऱ्हाइकांसाठी ते भुकटीविना तांबूस गूळ वेगळा काढतात. मी पानावर दोन्ही गूळ वेगवेगळे दाखवले, आणि भुकटीचा शब्द न वापरता तांबूस गूळ निव्वळ भेंडीवर काढलेला आहे असे लिहिले. पिवळ्याखाली काहीच लिहिले नाही. हे पूर्ण सत्य झाले का? नाही. तेव्हा मला तेवढेच जमले.

दुसरे काम एका मंगल कार्यालयाचे. सात हजार रुपये तोंडी ठरले. आगाऊ मागण्याची मला लाज वाटली. डोमेनचे पैसेही मीच भरले. पाने तयार झाली, कोणत्या तारखा मोकळ्या आहेत ते दाखवणारा तक्ता त्यात होता. तेव्हा मालक म्हणाले, “पुतण्या म्हणतोय हे फुकटात होतं.” हाती दीड हजार ठेवले. त्याच आठवड्यात परीक्षा शुल्काची शेवटची तारीख होती. ते आबांच्या श्रावणबाळ योजनेच्या पैशांतून भरले. आबा काही बोलले नाहीत. मात्र तो महिना त्यांनी गुडघ्याचे औषध आणले नाही, हे मला आईकडून कळले.

ते संकेतस्थळ माझ्याच खात्यावर होते. एक कळ दाबली की बंद. एका रात्री मी ती दाबली. झोप आली नाही. लग्नसराई तोंडावर होती, बाहेरगावची माणसे त्या तक्त्यावरून तारीख ठरवणार होती, आणि त्यांनी माझे काही बुडवले नव्हते. पहाटे पुन्हा सुरू केले. यात फार मोठेपणा नव्हता. मालक घरी येऊन वडिलांना बोलतील ही भीतीही होती. तेव्हापासून निम्मे पैसे आधी आणि डोमेन गिऱ्हाइकाच्याच नावावर, असे मी कागदावर लिहून घेतो. गवंड्याच्या पोराला हे आधीच कळायला हवे होते. वडील विसार घेतल्याशिवाय ओळंबा काढत नाहीत.

तिसऱ्या कामाविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण त्यात मराठीचा प्रश्न आहे. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाला आपली पुस्तकसूची संकेतस्थळावर हवी होती. यादी वीस वर्षांपूर्वी कोणीतरी संगणकावर टंकलेखित केलेली होती, जवळजवळ चार हजार नावे. ती उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा. जुन्या मराठी टंकांची रीत अशी, की अक्षराचे चित्र तेवढे देवनागरी. आत साठवले जाई ते इंग्रजी अक्षरच. तो विशिष्ट टंक संगणकावर असेल तर मराठी दिसे, नसेल तर कचरा. युनिकोड या व्यवस्थेत प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. त्यामुळे टंक कोणताही असो, ‘क’ हा ‘क’च राहतो, शोधता येतो आणि अकारविल्हे लावता येतो.

जुने नव्यात पालटणारी साधने मिळतात. पण ‘कि’ लिहिताना जुन्या टंकात आधी वेलांटी आणि मग ‘क’ असा क्रम असे, जसा तो डोळ्यांना दिसतो. युनिकोडात आधी ‘क’ आणि मग वेलांटी, जसा तो तोंडाने उच्चारतो. रफाराचे उलटे. ‘वर्ग’ या शब्दात डोळ्याला रफार शेवटी, ‘ग’च्या डोक्यावर दिसतो, आणि जुन्या टंकात तो तसाच शेवटी येई, युनिकोडात मात्र ‘र’ ‘ग’च्या आधी. या अदलाबदलीत साधनाची गफलत होते आणि जोडाक्षरात वेलांटी असली की हमखास होते. आबांना हे फार गमतीचे वाटले. त्यांनीही आयुष्यभर वेलांटीचा खिळा आधी आणि अक्षराचा मागून लावला. “मशीन बोलल्यासारखं लिवतंय व्हय?” असे म्हणून ते चष्मा शोधू लागले. चार हजार नोंदी आम्ही दोघांनी तपासल्या. मी पडद्यावर, ते छापील कागदावर लाल पेन्सिलीने. मुद्रितशोधनाच्या खुणा ते अजून विसरलेले नाहीत.

त्यांनी माझ्या इतरही चुका काढल्या. इंग्रजी पानांच्या नमुन्यावरून मी ओळींतले अंतर कमी ठेवले होते. मात्रा वरच्या ओळीच्या उकारात अडकत होत्या. मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांत अंतर टाकले, तर शिरोरेघ तुटून अक्षरे सुटीसुटी लोंबू लागली. आणि ‘ल’ व ‘श’ हिंदी वळणाचे आले होते. पान मराठी आहे असे एचटीएमएलमध्ये नमूद केले, तर ज्या टंकात सोय आहे तो टंक आपोआप मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ लावतो. ही एक ओळ लिहायला पाच सेकंद लागतात. तरी मराठीतली कित्येक संकेतस्थळे ती लिहीत नाहीत. टंकांचा आता तुटवडा नाही. विंडोजमधला ‘मंगल’ हा टंक र. कृ. जोशी यांनी घडवला. ते मराठी कवी होते आणि पवईच्या आय.आय.टी.त शिकवीत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे टंक कोणालाही विनामूल्य वापरता येतात. वाचनालयासाठी मी ‘मुक्ता’ घेतला.

काम केव्हा करतोस, असे मित्र विचारतात. पहाटे साडेचार ते सात. आमच्या दोन खोल्यांत त्या वेळेखेरीज शांतता नाही. एक दिवसाआड नळाला पाणी येते, त्या दिवशी त्यातला अर्धा तास घागरींत जातो. फ्रांचेस्को चिरिल्लो नावाच्या इटलीतल्या एका विद्यार्थ्याने १९८० नंतरच्या दशकात एक युक्ती काढली: स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ लावून पंचवीस मिनिटे एकच काम, मग पाच मिनिटे विश्रांती. इटालियन भाषेत टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, म्हणून त्या युक्तीचेही तेच नाव. मी ती महिनाभर केली. उपयोग झाला, पण आईला घड्याळाच्या घंटेने जाग येते म्हणून सोडली. आता फोन पिठाच्या डब्यावर, हात पुरणार नाही असा ठेवतो, आणि आदल्या रात्री कॅलेंडरच्या पाठीवर उद्याचे एकच काम लिहितो. दोन लिहिली तर एकही होत नाही. आबांनी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या लावल्या, की माझे दुकान बंद.

त्या बातम्यांना शेवट असतो, हे मला फार आवडते. वृत्तपत्रालाही शेवटचे पान असते. फोनवरच्या पानांना तळच नसतो. बोटाने सरकवत जावे तसा मजकूर खालून येतच राहतो. ही रचना आझा रास्किन यांनी २००६ मध्ये केली आणि पुढे तिच्याबद्दल त्यांनी जाहीरपणे खेद व्यक्त केला. एका गिऱ्हाइकाने मला तशीच रचना मागितली होती. मी देत नाही. मराठी बातम्यांच्या संकेतस्थळांविषयीही मला राग आहे. मथळ्यात बातमी नसते, बातमीचे आमिष असते. ‘या’ गावात काय घडले? गावाचे नाव चार जाहिरातींच्या खाली. पान जितक्यांदा उघडेल तितके जाहिरातीचे पैसे, म्हणून हे चालते, इतके मला कळते. पण चार शब्दांत बातमी सांगणारा मथळा जुळवण्यासाठी छापखान्यात रात्री दहापर्यंत थांबलेली माणसे आमच्या घरात आहेत. मित्रांना हा माझा म्हातारपणा वाटतो.

एक गोष्ट टाळून चालणार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. आता एका वाक्यात सांगितले, की यंत्र अख्खे संकेतस्थळ लिहून देते. मीही त्याची मदत घेतो. कार्यालयाच्या मालकांचा पुतण्या अगदीच खोटे बोलत नव्हता. आबांच्या छापखान्यात संगणकावरची जुळणी आली तेव्हा खिळे वजनावर विकले गेले आणि आबा पुढची वर्षे वह्या बांधीत होते. तेव्हा कसे वाटले होते, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, “खिळं नेणारा टेम्पो लई वेळ चालूच व्हईना.” एवढेच. वडिलांना वाटते मी पोलीस भरतीचा अर्ज भरावा. मी भरला आहे. पहाटेचे धावणे आणि पहाटेचे हे काम, दोन्हींचा मेळ अजून बसलेला नाही.

वाचनालयाची सूची गेल्या श्रावणात सुरू झाली. आबांच्या लाल पेन्सिलीतून निसटलेल्या सतरा चुका वाचकांनी कळवल्या. आबांनी त्या स्वतःच्या वहीत उतरवून घेतल्या आहेत. सध्या शेजारच्या गावातल्या एका दूध संस्थेशी बोलणे चालू आहे. त्यांच्या सचिवांना मी निम्मी रक्कम आधी मागितली आहे. उत्तर अजून आलेले नाही.

(द्वितीय वर्ष, कला)