नळाला तांबूस पाणी का येते?

शुद्धीकरण केंद्रातून स्वच्छ निघालेले पाणी नळाला तांबूस येते, तेव्हा तो गंज बहुतेक वेळा वाटेतल्या पाइपाचा असतो. बिडाच्या जुन्या पाइपाचा तुकडा आडवा कापून पाहावा. आत गाठीच गाठी दिसतात. वरचे कवच टणक, तपकिरी. पोटात अर्धवट गंजलेल्या लोखंडाचा मऊ काळपट गाळ. कवच शाबूत आहे तोवर गाळ जागचा हलत नाही. पाण्याचा वेग एकदम वाढला, प्रवाह उलटा फिरला किंवा पाण्याचे रसायनच बदलले, की कवच फुटते आणि तो गाळ पाण्यातल्या ऑक्सिजनने लाल होऊन बादलीत उतरतो.

यातले तिसरे कारण सर्वांत घातक. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराने ते भोगले. एप्रिल २०१४ मध्ये, खर्च वाचवण्यासाठी, डेट्रॉइटकडून येणारे ह्युरॉन सरोवराचे पाणी बंद करून फ्लिंट नदीचे पाणी सुरू झाले. त्यात क्लोराइड बरेच जास्त होते, शिवाय शुद्धीकरणात वापरलेल्या फेरिक क्लोराइडची भर पडली. क्लोराइड गंजाच्या खड्ड्यात शिरले की धातू झिजतच राहतो. डेट्रॉइटच्या पाण्यात ऑर्थोफॉस्फेट असे. त्याने पाइपाच्या आत सहजी न विरघळणारा पातळ थर धरतो आणि घरांना जोडणाऱ्या जुन्या शिशाच्या पाइपांतले शिसे अडून राहते. फ्लिंटने ते घातलेच नाही. जुना थर सुटत गेला.

लोक तांबूस पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना येत होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सने सुटे भाग गंजतात म्हणून आपल्या तिथल्या इंजिन कारखान्यात हे पाणी वापरणे थांबवले. माणसांना मात्र आणखी वर्षभर तेच प्यावे लागले, आणि हे अक्षम्य आहे. शिशाला रंग नसतो, चव नसते; ते उघडकीला आले २०१५ मध्ये, संशोधक मार्क एडवर्ड्‌स यांच्या पथकाने घरोघरचे पाणी आणि बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्ताचे अहवाल तपासले तेव्हा. गंजते लोखंड पाण्यातला क्लोरीनही संपवते, म्हणजे जंतूंना मोकळे रान. ऑक्टोबर २०१५ मध्ये डेट्रॉइटचे पाणी परत आले, डिसेंबरपासून जादा फॉस्फेटही घालू लागले. पण असा थर पुन्हा धरायला महिने लागतात.

म्हणून स्रोत बदलण्याआधीच नवे पाणी जुन्या पाइपांवर तपासायचे, सामू आणि क्षारता स्थिर ठेवायची, गरज असेल तर फॉस्फेट घालायचे. नवे पाइप आतून सिमेंटचा थर दिलेले घ्यायचे. साचलेला गाळ काढायला वाहिनी धुवावी लागते: बाजूचे व्हॉल्व्ह बंद करून पाणी एकाच दिशेने, सेकंदाला साधारण दीड मीटर वेगाने, वॉश-आउटमधून, म्हणजे वाहिनी रिकामी करायच्या तोंडातून, नितळ येईपर्यंत सोडायचे. सुरुवात स्वच्छ टोकाकडून, नाहीतर गाळ पुढच्या गल्लीत जातो.

आपल्याकडे ठरावीक वेळी पाणी सुटते. मधल्या तासांत पाइप रिकामे होतात, ओल्या लोखंडाला हवा लागते आणि पाणी आले की पहिला लोंढा गंज घेऊन येतो. तो थोड्या वेळात निवळतो. ते पाणी पिण्यासाठी भरू नये. रंग दिवसभर टिकला, किंवा स्रोत बदलल्यावर सुरू झाला, तर पालिकेकडे लेखी तक्रार करावी आणि लोखंडाबरोबर शिशाचीही तपासणी मागावी. पाणी उकळून शिसे जात नाही.