शिक्षक नाही, गिटार आहे



आपल्यापैकी काही कुटुंबे अधूनमधून विचारतात, “मुलाने हौसेने घेतलेली गिटार घरी पडून आहे. वसतिगृहातल्या मुलांना चालेल का?” चालेल. पण आमच्याकडे आलेल्या पहिल्या गिटारींचे काय झाले ते आधी सांगितले पाहिजे, कारण त्यात चूक आमचीही होती.

सातपुड्यातल्या पाड्यांवरून आलेली आमची मुले गाण्यात मागे नाहीत. ढोल आणि बासरी त्यांनी लहानपणापासून ऐकलेली असते. गिटार आल्यावर संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर रांगच लागली. महिनाभरात रांग संपली, आणि पावसाळ्यापर्यंत गिटारी भिंतीला टांगलेल्या राहिल्या. आठवीतल्या एका मुलाला मी विचारले, “का रे, सोडलीस?” तो म्हणाला, “सर, मला देवाने ते दान दिलेलं नाही.” मी ते खरे मानले आणि त्याच्यासाठी प्रार्थना केली. पुढे नाताळात वाजवणारा एक तरुण पाहुणा आला. त्याने ती गिटार हातात घेतली, एक तार दाबली आणि म्हणाला, “ही तर मलाही वाजवता येणार नाही.” तारा दांडीपासून इतक्या उंच होत्या की त्या दाबायला मोठ्या माणसाचीही बोटे दुखावीत. शिवाय सहापैकी एकही तार स्वरात नव्हती.

शिक्षकाशिवाय शिकण्यातली खरी अडचण इथे आहे. शिक्षक समोर असला तर तो पहिल्या मिनिटाला सांगतो, “बाळा, चूक तुझी नाही, वाद्याची आहे.” एकटा शिकणारा सगळा दोष स्वतःच्या बोटांना देतो आणि गप्प बसतो. म्हणून स्वतः शिकू इच्छिणाऱ्याने, मग तो पाड्यावरचा असो की आपल्या शहरातल्या तरुणसंघातला, आधी वाद्य तपासावे.

दांडीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात. दांडी जिथे पोटाला मिळते त्याच्या आसपास बारावा फ्रेट असतो. तिथे तार आणि फ्रेट यांतले अंतर शाळेच्या फुटपट्टीने मोजा. दोन-तीन मिलिमीटर असेल तर ठीक. पाच असेल तर नवशिक्याने ती गिटार दुरुस्त केल्याशिवाय हातात घेऊ नये. दुरुस्ती फार मोठी नसते. पुष्कळदा तारा ज्या हाडासारख्या पट्टीवर टेकतात ती खालून थोडी घासली की काम भागते, मात्र ते जाणकाराने करावे. लहान मुलांसाठी नायलॉनच्या तारांची गिटार बरी, बोटांना कमी लागते. पण नायलॉनच्या गिटारीला कधीही पोलादी तारा चढवू नयेत. त्यांचा ताण खूप जास्त असतो, तारा बांधलेली लाकडी पट्टी उखडते किंवा दांडी वाकते. आमची एक अशीच गेली, कारण दुकानातून ज्या मिळाल्या त्या तारा आम्ही लावल्या.

दुसरे काम तारा जुळवण्याचे. गिटार मांडीवर घेतल्यावर जमिनीच्या बाजूची सर्वांत बारीक तार ती पहिली, आणि आपल्या हनुवटीच्या बाजूची जाड ती सहावी. मोबाईलमध्ये स्वर दाखवणारे ॲप एकदा उतरवून घेतले की बहुतेक ॲप पुढे रेंज नसली तरी चालतात. पण आमच्याकडे वीजही जाते आणि मोबाईलही बंद पडतो. अशा वेळी देवळातली पेटी कामाला येते. पेटीवर जाड तारेकडून बारीक तारेकडे क्रम असा: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि शेवटी वरच्या सप्तकातली पांढरी तीन. सप्तकाकडे लक्ष हवे. बारीक तार चुकून आणखी वर ओढली तर ती तुटतेच, आणि तुटताना हाताला चटका देऊन जाते.

पेटीही नसेल तर एक तार दुसरीवरून जुळवता येते. सहावी तार पाचव्या फ्रेटवर दाबा, तो स्वर मोकळ्या पाचव्या तारेचा. पाचवी पाचव्यावर दाबली की चौथी मिळते, चौथी पाचव्यावर दाबली की तिसरी. इथे सगळे अडखळतात, कारण दुसऱ्या तारेसाठी तिसरी तार चौथ्या फ्रेटवर दाबायची असते. दुसरीवरून पहिली मात्र पुन्हा पाचव्यावर. आमच्या मुलांनी हे भिंतीवर खडूने लिहून ठेवले आहे. तारा जुळवायला पहिल्या आठवड्यात अर्धा तास लागतो, महिन्याने दोन मिनिटे. तो अर्धा तास फुकट गेला असे मुलांना वाटते, पण कान तयार होतो तो तिथेच.

आता बोटे. डाव्या हाताची नखे अगदी बारीक कापावीत. बोट फ्रेटच्या पट्टीवर नव्हे तर पट्टीच्या जरा मागे, जितके जवळ तितके चांगले, असे ठेवावे. तिथे कमी जोर लागतो. बोटांची टोके दुखतात, लाल होतात, आणि साधारण तीन-चार आठवड्यांत तिथली कातडी घट्ट होते. हे दुखणे सर्वांनाच होते, मुलाला हे आधी सांगून ठेवावे. दिवसाला एकदाच दीड तास बसण्यापेक्षा पंधरा मिनिटे सकाळी आणि पंधरा संध्याकाळी बसणे कितीतरी बरे. फोड आला तर एक दिवस विश्रांती.

पहिल्या कॉर्ड कोणत्या? कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन किंवा अधिक स्वर. पुस्तके पंचवीस-तीस कॉर्डचे तक्ते देतात आणि मूल घाबरते. चार पुरतात: जी, सी, डी आणि ई मायनर. पेटी जाणणाऱ्यांसाठी सांगायचे तर जी हा षड्ज धरला, तर सी मध्यमावरची, डी पंचमावरची आणि ई मायनर धैवतावरची कॉर्ड. मंडळीत गायली जाणारी पाश्चात्त्य चालीची बरीच गीते या चारांत बसतात.

सुरुवात ई मायनरने करावी, दोनच बोटे लागतात. तर्जनी पाचव्या तारेवर, मधले बोट चौथ्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटला, आणि सहाही तारा छेडायच्या. पहिल्याच दिवशी काहीतरी सुरेल वाजते, याचा मुलांच्या चेहऱ्यावर होणारा परिणाम पाहण्यासारखा असतो. या बोटांत आणखी एक सोय आहे. ई मायनरवरून जी वर जाताना तर्जनी जागच्या जागी राहते, मधले बोट सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जाते आणि अनामिका पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. सी वर जाताना उलट मधले बोट हलत नाही. अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर आणि तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर येते, जाड सहावी तार सोडून द्यायची. एक बोट खुंटीसारखे रोवलेले असले की बाकीची आपोआप वाट शोधतात. डी सर्वांत शेवटी: तर्जनी तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, मधले बोट पहिल्या तारेच्या दुसऱ्यावर, अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्यावर, आणि खालच्या बाजूच्या चारच तारा वाजवायच्या. एफ ही कॉर्ड मात्र पहिले सहा महिने विसरावी. तिच्यापाशी जितके लोक गिटार सोडतात तितके दुसरीकडे कुठे सोडत नसतील, असे मला वाटते.

कॉर्ड बदलताना गाणे थांबू देऊ नये. बोट चुकले तरी उजवा हात चालूच ठेवायचा. आमच्या मुलांना हे लवकर जमले, कारण ठेका त्यांच्या अंगात आहे. मी त्यांना आधी डावा हात तारांवर नुसता टेकवून, आवाज दाबून, उजव्या हाताने केरवा आणि दादरा वाजवायला सांगतो. शेजारी एकजण ढोलावर बसतो. शहरातल्या मुलांना महिना लागतो ते यांना आठवड्यात येते.

मग देवळात प्रत्यक्ष वाजवायची वेळ येते, आणि पेटीवाले काका म्हणतात, “काळी एक.” नवशिका तिथे गारठतो. यावर उपाय कॅपो, म्हणजे दांडीवर लावायचा चिमटा. तो पहिल्या फ्रेटवर लावला आणि सी धरून वाजवले की काळी एक झाली. त्याच जागी जी धरली तर काळी चार. स्त्रियांच्या गटाला ती पट्टी पुष्कळदा सोयीची पडते. या छोट्या चिमट्याने आमच्या किती मुलांची लाज राखली असेल!

प्रत्येक गीताला कॉर्ड लावाव्यात असे मात्र नाही. आपल्या मराठी मंडळीला कवी नारायण वामन टिळकांसारख्यांनी अभंगांचे आणि देशी चालींचे मोठे धन दिले आहे. रागावर बांधलेल्या अशा चालीखाली दर ओळीला कॉर्ड बदलल्या की चाल गुदमरते. तिथे गिटारने तंबोरा व्हावे. मोकळी पाचवी तार आणि मग मोकळी चौथी हळुवार छेडत राहिले की पंचम आणि षड्ज मिळतो, पट्टी पांढरी दोन. हे तर पहिल्या दिवशीच्या मुलालाही येते. आणि पाड्यावरच्या बायका आपल्या बोलीत, ढोलावर जी भक्तिगीते गातात, तिथे गिटार खाली ठेवून टाळ्या वाजवलेल्या बऱ्या. गिटार आली म्हणून ढोल कोपऱ्यात गेला, तर आम्ही काहीतरी चुकलो.

दाविदाला वीणा कोणी शिकवली हे पवित्र शास्त्र सांगत नाही. मेंढरांमागे फिरताना तो आपला आपणच शिकला असावा, असे आमची मुले ठामपणे म्हणतात. मी वाद घालत नाही.

तो आठवीतला मुलगा आता दहावीत आहे. तारा खाली घेतलेल्या गिटारीवर त्याने चारही कॉर्ड दोन महिन्यांत बसवल्या आणि गेल्या पुनरुत्थानाच्या रविवारी तो मंडळीत वाजवला. त्याच्या पाड्यावर उपासनेला पंधरा-वीस कुटुंबे जमतात. पाळक महिन्यातून एकदा पोहोचतात. एरवी गीत सुरू करायला कोणी नसते, एकजण उंच पट्टीत सुरुवात करतो आणि दुसऱ्या कडव्याला सगळे गप्प होतात. मे महिन्याच्या सुट्टीत तो एक गिटार घरी नेणार आहे.

म्हणून, आपली गिटार पाठवणार असाल तर आधी बारावा फ्रेट मोजा, दांडी वाकलेली नाही ना ते पाहा. सोबत तारांचे दोन संच आणि एक कॅपो द्या. गिटार नसेल आणि नुसत्या तारा दिल्यात तरी मोठे काम होईल. त्यातही पोलादी पहिली तार सुटी जास्त द्या, तीच वारंवार तुटते, आणि ती आणायला आमच्याकडून एसटीने जायला-यायला अख्खा दिवस जातो. कापडी पिशवीही हवी आहे. पावसाळ्यात भिंतीची ओल लाकडात जाते आणि तारांना गंज धरतो, उन्हाळ्यात पत्र्याखाली सरस सुटतो. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या, हे काम आता चौथीच्या दोन मुलांनी मागून घेतले आहे. मोठे होईपर्यंत वाद्याला हात लावायला मिळावा, एवढाच त्यांचा हिशेब आहे.