आधी ध्रुपद, मग कवित्व

संतकवींविषयी बोलताना आपण एक क्रम धरून चालतो. आधी भक्ती, मग साक्षात्कार, आणि त्या साक्षात्काराने भरून आलेल्या मनातून आपोआप उतरलेली कविता. या क्रमात कविता सर्वांत शेवटी येते आणि म्हणून दुय्यम ठरते. साधना कुठेतरी एकांतात, डोंगरावर किंवा देवळात पुरी झाली आणि अभंग ही तिची खूण तेवढी मागे उरली, असे आपण मानतो. कीर्तनातून, पाठ्यपुस्तकांतून, सिनेमांतून हेच चित्र मनावर ठसले आहे. वारकरी परंपरेत डोकावून पाहिले की मात्र वेगळी गोष्ट दिसू लागते. पाठांतर, गायन, रचना आणि पुन्हा गायन हाच तिथे साधनेचा रस्ता होता. तो चालताना माणूस बदलत गेला आणि अभंगाची ओळ या बदलाचे हत्यार झाली. याचा सर्वांत भक्कम पुरावा खुद्द तुकोबांनी देऊन ठेवला आहे.

आपल्या आयुष्याची हकिगत सांगणारा तुकोबांचा एक दीर्घ अभंग प्रसिद्ध आहे. त्यातला घटनाक्रम नीट पाहण्यासारखा आहे. जन्म १६०८ चा, देहूच्या वाण्याच्या घरातला. आईवडील गेले. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात पैसा गेला, पत गेली, एक बायको अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला. मग पडक्या देवळाची डागडुजी त्यांनी हाती घेतली आणि एकादशीला कीर्तन सुरू केले. इथे ते एक फार प्रामाणिक कबुली देतात: त्या काळी आपले चित्त अभ्यासात नव्हते. म्हणून त्यांनी काय केले? संतांची वचने विश्वासाने आणि आदराने पाठ केली. दुसरे कोणी कीर्तनात गात असेल तर त्याच्या मागे उभे राहून ध्रुपद, म्हणजे पालुपद, धरले. पडेल ते कष्ट केले, खऱ्याखोट्याला स्वतःच्या मनाची साक्ष ठेवली, बहुमताची पर्वा केली नाही. त्यानंतर स्वप्नात गुरूचा उपदेश, आणि त्याही नंतर कवित्वाची स्फूर्ती. म्हणजे अभंग सुचण्याआधी काही काळ हा माणूस दुसऱ्यांच्या कवितेचा विद्यार्थी होता आणि गाणाऱ्याच्या मागचा टाळकरी होता. ज्याला आपण प्रतिभा म्हणतो तिच्या आधी इथे तालीम आहे, आणि त्या तालमीचा हेतूही ते सांगून टाकतात: चित्त शुद्ध करण्यासाठी.

ध्रुपद धरण्यात चित्त शुद्ध होण्यासारखे काय आहे, हे कीर्तनात टाळ घेऊन उभे राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. मुख्य गायक ओळ टाकतो, मागचे ती उचलतात. उचलताना आपला आवाज पुढे काढता येत नाही, मागेही राहू देता येत नाही. टाळ पखवाजाबरोबर पडला पाहिजे आणि शब्द टाळाबरोबर. क्षणभर लक्ष सुटले की चूक सगळ्यांना ऐकू येते. एकाग्रता, श्वासाची लय आणि ‘मी’ला थोडे मागे सारणे हे ध्यानाच्या परंपरा ज्या गुणांसाठी वर्षे घालवतात तेच इथे अंगमेहनतीने, चारचौघांत आणि रात्ररात्रभर साधले जाते.

अभंगाच्या बांधणीतही हे दिसते. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चारच. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला. ऱ्हस्वदीर्घाचा हिशेब नाही, गण नाहीत, मात्रा मोजायच्या नाहीत. शार्दूलविक्रीडितात एका ओळीत एकोणीस अक्षरे ठरलेल्या लघुगुरूंच्या क्रमाने बसवावी लागतात आणि बाराव्या अक्षरावर यती सांभाळावा लागतो. ते काम पंडितांचे. अभंगाला लागतात फक्त अक्षरे मोजणारा कान आणि रोजची बोली. शिंपी नामदेव, कुंभार गोरोबा, माळी सावतोबा, महार चोखोबा आणि घरकाम करणारी जनाबाई यांना त्यामुळेच हा छंद आपला वाटला. पण सोपेपणा ही अर्धीच गोष्ट झाली. बावीस अक्षरांत एक विचार मांडून चौथ्या, आखूड चरणावर तो संपवायचा म्हटले की पाल्हाळाला जागा उरत नाही. मनात जे धूसर आहे ते चार अक्षरांत मावत नाही, म्हणून आधी मन नितळ करावे लागते. रचना करणे म्हणजे इथे स्वतःला प्रश्न विचारत राहणे आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की तुकोबांनीच कवित्व गुरूपदेशानंतर ठेवले आहे आणि आपण बोलत नसून कोणी दुसराच बोलवतो आहे, असेही ते वारंवार म्हणतात. मग कविता साधना कशी? ती प्रसाद झाली. हा आक्षेप वजनदार आहे, पण गाथा त्याला पुरती साथ देत नाही. सरकारने प्रसिद्ध केलेल्या तुकोबांच्या गाथेत ४,६०७ अभंग आहेत. शिखरावर पोचलेल्या माणसाने खालच्यांना दिलेली ती बातमी असती तर तिचा सूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच असता. प्रत्यक्षात तिथे विठ्ठलाशी भांडण आहे, त्याच्या अस्तित्वाविषयी शंका आहे, स्वतःच्या शब्दांवरचा अविश्वास आहे, निराशेची खोल विहीर आहे, आणि तिच्याशेजारीच निर्भर आनंद आहे. हे चढउतार कवितेच्या आत घडताना दिसतात. एखादा अभंग तक्रारीने सुरू होतो आणि शेवटच्या चरणापर्यंत तक्रार करणाराच बदललेला असतो. दुसरा कोणी बोलवतो आहे, ही जाणीव म्हणूनच मला प्रवासाची सुरुवात वाटत नाही. हजारो वेळा ‘मी’ बाजूला सारून शब्द लावण्याच्या सरावानंतरच ती येते.

अभंगांच्या वह्यांचा प्रसंगही याच दिशेने बोट दाखवतो. शूद्राने असे बोलू नये म्हणून विरोध झाला, तुकोबांचे मन दुखावले, वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि ते धरणे धरून बसले. तेरा दिवसांच्या निग्रहाचा उल्लेख त्यांच्याच अभंगांत येतो. वह्या तरंगून वर आल्या या चमत्कारावर आपण इतके थांबतो की त्याआधीची गोष्ट निसटते. कविता जर साधनेची फक्त खूण असती तर ती बुडाल्याने साधकाचे काय बिघडणार होते? ज्ञान तर त्याच्यापाशीच होते. अन्नपाणी सोडून बसण्याइतका हा माणूस हादरला, कारण त्याचा देवाशी असलेला व्यवहारच या शब्दांतून चालत होता.

बहिणाबाईंचे उदाहरण आणखी पुढे नेते. १६२८ मध्ये वेरूळजवळच्या देवगावात ब्राह्मण घरात त्यांचा जन्म झाला. लहानपणीच वयाने बऱ्याच मोठ्या बिजवराशी लग्न लागले आणि पुढे नवऱ्याचा मारही सोसावा लागला. कोल्हापुरात जयराम स्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग त्यांच्या कानी पडले आणि मनात घर करून राहिले. तोपर्यंत तुकोबांना त्यांनी पाहिलेही नव्हते. अभंग ऐकणे, घोळवणे, आणि मग स्वप्नात तुकोबांकडून मिळालेली दीक्षा असा त्यांचा क्रम आहे. देहूला प्रत्यक्ष जाणे त्यानंतर झाले. एका ब्राह्मण बाईने शूद्र गुरू केला, तोही त्याच्या कवितेच्या ओढीने. पुढे त्यांनी स्वतःचे आयुष्य अभंगांतच सांगितले. मारहाण, देवाची ओढ आणि संसार यांची मांडामांड करायला त्यांच्याजवळ दुसरी जागा नव्हती.

दुसरा आक्षेप अहंकाराचा. कला टाळ्या मागते, नाव मागते. जिथे कर्तेपण फुगते तिथे अध्यात्म कसले? ही भीती खरी आहे आणि संतांना ती आपल्यापेक्षा जास्त छळत होती. लोक आपल्याला मोठे म्हणतात याची तुकोबांना लाज वाटे, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. पण या परंपरेने त्यावर उपायही कवितेतच शोधला. शेवटी येणारी नाममुद्रा कवीचे नाव सांगते, आणि तरीही ते नाव मालकीचे राहत नाही. जनाबाई स्वतःची ओळख नामदेवांची दासी म्हणून देते. नामदेवांच्या नावावर ‘नामा’ अशीच मुद्रा लावणाऱ्या नंतरच्या कवींचीही रचना मिसळली आहे. अभ्यासकांची यात मोठी अडचण होते, पण परंपरेला तशी अडचण वाटली नाही. गाणाऱ्याने ओळ आपली म्हणून गायची, ऐकणाऱ्याने आपली म्हणून न्यायची.

प्रतिभा मोजक्यांनाच मिळते, मग ही साधना सर्वांची कशी, असे कोणी विचारेल. याचे उत्तर जात्यावर मिळते. पहाटे दळताना दोघीजणी समोरासमोर बसून खुंटा फिरवत, एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने साथ द्यायची. ओव्या मोजून देवाला, आईबापाला, भावाला वाहायच्या. जुनी ओवी म्हणता म्हणता तीत आपल्या गावाचे, आपल्या लेकराचे नाव घालायचे, एखादी ओळ नवी जोडायची. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी सुरू केलेल्या कामातून अशा लाखाहून अधिक ओव्या हजाराहून अधिक गावांतून जमा झाल्या. त्या रचणाऱ्या बायकांना कोणी कवयित्री म्हटले नाही. त्यांच्या हाताला दळण होते आणि ओठांवर सीतेचे दुःख, पंढरीची वाट, सासरचा जाच, सारे एकाच ओवीत. प्रार्थना, काम आणि कविता यांच्यात भिंत असते हे त्यांना माहीतच नव्हते. तिथे प्रतिभा कमी-जास्त होती, सराव मात्र सगळ्यांचा सारखा होता.

राहिला श्रद्धेचा प्रश्न. विठ्ठल मानत नाही त्याला या साधनेचे काय? जोतीराव फुल्यांकडे पाहावे. अवतार, तीर्थे, मूर्तिपूजा, पुरोहिताची मध्यस्थी हे सारे त्यांनी नाकारले आणि संतांच्या धर्मविचारावरही कठोर टीका केली. निर्मिकाविषयीचे, म्हणजे सृष्टिकर्त्याविषयीचे, आपले विचार मांडायला मात्र त्यांनी अभंगाचाच छंद घेतला. त्या रचनांना त्यांनी अखंड म्हटले आणि शेवटी ‘जोती म्हणे’ ही मुद्रा ठेवली. निबंध, नाटक, पोवाडा, सारे हाताशी असताना सत्य, समता आणि आचरण यांविषयी बोलताना त्यांना हा छंद लागला, याला माझ्या मते एक कारण आहे. सहा-सहा-सहा-चार अक्षरांत स्वतःचे नाव घालून बोलणारा माणूस दुसऱ्या कोणाच्या आड लपू शकत नाही. बहुमत बाजूला ठेवून स्वतःच्या मनाला साक्षीला बोलावण्याची तुकोबांची रीत जोतीरावांनी देव बदलूनही सोडली नाही. १८८७ मध्ये सत्यशोधक समाजाच्या लग्नविधीसाठी त्यांनी मंगलाष्टके रचली, तीही याच खात्रीने की भटजीचे न कळणारे शब्द ऐकण्यापेक्षा वधूवरांनी आपल्याला कळेल अशा मराठीत एकमेकांना वचन द्यावे, आणि ते म्हणताना त्यांना त्या वचनाचे वजन जाणवावे.