मानसोपचारातील प्रगतिनोंद : रुग्णाचा शब्द आणि वैद्याची भाषा

मनोरुग्णाच्या प्रत्येक भेटीनंतर जी टिपणी लिहिली जाते, तिला प्रगतिनोंद म्हणतात. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या रूक्ष लेखनाकडे का वळावे, असा प्रश्न संभवतो. परंतु एका माणसाचे दुःख दुसऱ्याने, बहुधा दुसऱ्याच भाषेत, शब्दबद्ध करण्याचा हा व्यवहार आहे. आणि पुढील उपचार त्या शब्दांवर अवलंबून असतात.

या नोंदीचा आज रूढ असलेला चौपदरी आराखडा अमेरिकन वैद्य लॉरेन्स वीड यांच्या पद्धतीतून आला. रुग्णाच्या समस्यांनुसार नोंदी ठेवण्याची ही पद्धती त्यांनी १९६८ साली विस्ताराने मांडली. पहिल्या भागात रुग्णाचे कथन, दुसऱ्यात वैद्याचे निरीक्षण, तिसऱ्यात त्या दोहोंवरून काढलेला निष्कर्ष आणि चौथ्यात पुढील योजना, असा तिचा क्रम असतो. 'रुग्ण उदास आहे' एवढेच लिहिले, तर ते रुग्णाचे म्हणणे की वैद्याचे अनुमान, हे उमगत नाही. उलट, 'पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही, असे सांगतो. आवाज खोल, बोलताना दोनदा डोळे भरून आले' अशी नोंद असेल, तर पुढच्या वैद्याला निष्कर्ष पडताळून पाहता येतो.

बंगळूरसारख्या बहुभाषिक नगरात हा पहिला भागच सर्वांत अवघड ठरतो. तेथील निम्हान्स ही संस्था जुने राज्य मनोरुग्णालय आणि १९५४ साली सुरू झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकत्रीकरणातून १९७४ साली उभी राहिली. या नगरातील रुग्ण कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू बोलतात. बेळगावकडून आलेला मराठीही बोलतो. वैद्यकीय नोंदी मात्र बहुशः इंग्रजीत होतात. साहजिकच, रुग्णाचे म्हणून जे लिहिले जाते ते पुष्कळदा भाषांतर असते.

'बेजार' हा फारसीतून आलेला शब्द घ्यावा. मराठीत दाढदुखीने किंवा सावकाराच्या तगाद्याने माणूस बेजार होतो. तेथे त्रास देणारे काहीतरी गृहीत असते. कन्नडमधील 'बेजारु' हा शब्द कंटाळा, खिन्नता, मन दुखावणे या साऱ्यांना पुरतो. मराठीभाषी वैद्य त्यामागे त्रास देणारा शोधू लागेल. 'कंटाळा' एवढेच नोंदवणारा कदाचित खोल विषण्णतेला मुकेल. म्हणून मूळ शब्द जसाच्या तसा नोंदवावा आणि तो केव्हापासून, कशामुळे, झोप व भूक कशी, जगणे नकोसे वाटते काय, हे विचारून त्याचा अर्थ शेजारी लिहावा.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने या लेखनाला नवा वाचक दिला आहे. कलम २५ नुसार रुग्णाला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क आहे. त्याला गंभीर मानसिक इजा होईल किंवा इतरांना अपाय संभवेल, असाच मजकूर राखून ठेवता येतो, आणि तसे केल्यास मंडळाकडे दाद मागता येते, हेही त्याला सांगावे लागते. 'हट्टी', 'खोटे बोलतो' अशी विशेषणे लिहिणाऱ्या वैद्याने आता ध्यानी ठेवावे, की ज्याच्याविषयी लिहिले तोच उद्या ते वाचील, आणि त्यात आपला शब्द शोधील.